फिनेल ओतण्याआधी: बाथरूमच्या वासाचं मूळ कसं शोधायचं

बाथरूमला वास येतो अशी तक्रार घेऊन कोणी दारात आलं की मी आधी एकच विचारते: कधी येतो? उत्तर ठरलेलं असतं, "अहो, सारखाच येतो." सारखा कधीच येत नाही. पहाटे दार उघडल्यावर येतो, वरच्या मजल्यावर कोणी बादली पालथी केली की येतो, एक्झॉस्ट लावला की येतो, गावाहून परतल्यावर येतो, नाहीतर फक्त गरम पाण्याच्या नळाला येतो. वेळ नेमकी कळली की निम्मं काम तिथेच झालेलं असतं. म्हणून आधी दोन दिवस काहीही ओतू नका. दाराला कागद चिकटवा आणि वास आला की वेळ लिहा. त्या वेळी घरात, शेजारी, वर काय चाललं होतं तेही लिहा.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेची, 1980च्या दशकातली, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. कमिटीत ड्रेनेजचं खातं कोणालाच नको असतं, ते माझ्याकडे आलं आणि राहिलं. त्यामुळे लोकांच्या घरचे गणपती मी कमी पाहिलेत आणि मोऱ्या जास्त. एवढ्यावरून सांगते, वास ही घाणीची तक्रार नसते, बहुतेक वेळा ती हवेची तक्रार असते. गटारातली हवा घरात शिरायला कुठूनतरी वाट झालेली असते. ती वाट शोधायची आणि बुजवायची. फिनेलने वाट बुजत नाही. तासभर गटाराला फिनेलचा वास येतो, मग परत गटाराचा.

वाट अडवतं कोण

मोरीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, ज्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात थोडं पाणी कायम साठून राहायला हवं. ते पाणी हाच दरवाजा. वरून आलेलं पाणी त्यातून पुढे निघून जातं, पण पाइपातली हवा उलटी वर येऊ शकत नाही. कमोडच्या तळाशी दिसणारं पाणीही त्याचसाठी असतं. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली लंडनमध्ये वाकड्या पाइपाच्या शौचकूपाचं पेटंट घेतलं, आणि आजही आपण त्याच वाकड्या पाइपातल्या पाण्याच्या भरवशावर शेजारच्या खोलीत जेवतो.

या पाण्याला वॉटर सील म्हणतात. ते किमान 50 मिलिमीटर असावं, म्हणजे साधारण तीन बोटं. ट्रॅपमध्ये एकूण पाणी किती आहे हा प्रश्न नाही. हवा अडवणारी जी कड पाण्यात बुडालेली असते, ती किती खोल बुडाली आहे ते महत्त्वाचं. बाजारात मिळणाऱ्या झुरळ-जाळ्यांमध्ये ती कड बोटाच्या रुंदीइतकीही बुडत नाही. एप्रिल-मेमध्ये चार-सहा दिवस मोरी वापरली नाही की तेवढं पाणी उडून जातं.

आता आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण सांगते. जुन्या मोऱ्यांमध्ये जाळीखाली एक उलटी वाटी असते. मधला पाइप थोडा वर आलेला असतो, त्याच्या भोवती पाणी साठतं आणि वाटीची कड त्या पाण्यात बुडते. केस अडकून पाणी तुंबायला लागलं की कामवाली बाई, मुलगा किंवा प्लंबर, कोणीतरी ती वाटी काढून टाकतं. पाणी झरझर जायला लागतं. सगळे खूश. मधला पाइप मात्र आता सरळ गटाराला उघडा असतो. वास लगेच येतोच असं नाही; वारा फिरला, पाऊस लागला, खालचं चेंबर, म्हणजे इमारतीचं सांडपाणी जिथे येतं तो जमिनीतला झाकणाचा हौद, भरलं की येतो. तोपर्यंत वाटी काढल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. म्हणून माझा दुसरा प्रश्न असतो, "जाळीखालची वाटी आहे ना जागेवर?" यावर नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले की मी पायातल्या चपला काढायच्या आधीच निदान करून टाकते.

वासाची जात

नाकाला एक खोड आहे. दहा मिनिटं वासात राहिलं की ते तक्रार करायचं सोडून देतं. म्हणून तपासणी करणाऱ्याने आधी गॅलरीत किंवा खाली रस्त्यावर जाऊन यावं. घरातल्या पुरुषमाणसांना वास येत नाही असा माझा अनुभव आहे, पण तो शास्त्रीय नाही.

नासक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, गटारातल्या कुजण्यातून तयार होणारा वायू. हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसला तरी माणसाला तो कळतो. म्हणजे ट्रॅप कोरडा पडलाय, नाहीतर कुठेतरी फट आहे. आंबूस, साबणमिश्रित, ओल्या केसांचा वास आला तर गटाराला दोष देऊ नका. तो तुमच्याच ट्रॅपमधला आणि पाइपाच्या आतला बुळबुळीत थर आहे. डोळ्यांना झोंबणारा, लघवीचा वास असेल तर कमोडचा तळ किंवा त्याच्या भोवतीच्या लाद्यांचे सांधे बघा. कुबट वास म्हणजे ओल. भिंतीत, खोट्या छतात, नाहीतर दाराच्या चौकटीत.

गरम पाण्याच्या नळालाच अंड्याचा वास येत असेल तर मोरीकडे वळूच नका. एका पेल्यात गरम पाणी, दुसऱ्यात गार पाणी घ्या, दोन्ही गॅलरीत नेऊन हुंगा. फक्त गरमला वास असेल तर गिझरच्या टाकीत जंतू वाढलेत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हे जास्त होतं. गिझरचं तापमान 60 अंशांच्या वर नेऊन टाकी पूर्ण तापू द्या, मग अंगाला न लागेल अशा बेताने ते पाणी सोडून द्या. तरीही वास राहिला तर मेकॅनिककडून टाकी धुऊन आतला अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून बसवलेली कांडी, तपासून घ्या.

पिशवीची परीक्षा

वास कुठल्या तोंडातून येतो हे नाकाने ठरवायला गेलं तर चुकतं, कारण छोट्या बाथरूममध्ये तो सगळीकडे पसरलेला असतो. मी पिशव्या वापरते. दुधाची किंवा कुठलीही जाड, न गळणारी पिशवी घ्यायची, अर्धी पाण्याने भरायची, गाठ मारायची आणि जाळीवर ठेवायची. पाण्याच्या वजनाने ती जाळीच्या काठाला अशी बसते की हवेला वाट राहत नाही. चिकटपट्टी ओल्या लादीला चिकटत नाही, पिशवीला ती अडचण नाही.

रात्री सगळ्यांचं आटोपलं की बाथरूममधल्या प्रत्येक जाळीवर अशी पिशवी ठेवा. बेसिनच्या तोंडात ओलं फडकं कोंबा, त्याच्या वरच्या बाजूला असलेल्या ओव्हरफ्लोच्या भोकावर चिकटपट्टी लावा. कमोडवर प्लास्टिकचा कागद ताणून वर झाकण ठेवा. वॉशिंग मशीनचा पाइप मोरीत सोडलेला असेल तर तो काढून ते भोकही झाका. खिडकी बंद, एक्झॉस्ट बंद, दार बंद. सकाळी बाहेरची हवा खाऊन आलेल्या माणसाने दार उघडून पहिला श्वास घ्यायचा.

वास नसला तर उत्तर या झाकलेल्या तोंडांपैकीच एकात आहे. एकेक उघडत जा, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. ज्याच्यानंतर वास आला तो चोर. सगळं झाकूनही वास आला तर मात्र वाट वेगळी आहे: कमोडचा तळ, लाद्यांखालचा भराव, खिडकीबाहेरची डक्ट, म्हणजे जिथून उभे पाइप जातात ती पोकळी. त्यांच्याकडे पुढे येते.

आणखी एक परीक्षा उदबत्तीची. एक्झॉस्ट लावा, दार-खिडकी बंद करा, पेटती उदबत्ती मोरीच्या जाळीजवळ धरा. धूर जाळीकडून ढकलल्यासारखा वर उडाला तर पंखा गटारातली हवा ओढतोय. असं का होतं? पंखा हवा बाहेर टाकतो, तेवढी हवा कुठूनतरी आत यायला हवी. दार घट्ट, अ‍ॅल्युमिनियमची खिडकी घट्ट, मग जिथे अडसर कमी तिथून ती येते, म्हणजे अर्धवट सुकलेल्या ट्रॅपमधून. नव्या फ्लॅटमध्ये "एक्झॉस्ट लावला तरी वास जात नाही" म्हणतात तेव्हा मी सांगते, तो लावल्यामुळेच येतोय. ट्रॅप दुरुस्त कराच, पण दाराखाली बोटभर फटही ठेवा. उदबत्ती घरातच वापरायची. खाली चेंबरपाशी आग न्यायची नाही, तिथे मिथेन असतो.

ट्रॅप उघडून साफ करणं

हातमोजे, जुना टूथब्रश, तारेचा हँगर, टॉर्च, एक जुना टमरेल आणि कचऱ्याची पिशवी. जाळी उचलायला चपटा स्क्रूड्रायव्हर. बाकी फारसं काही लागत नाही. जाळी स्क्रूने बसवलेली असेल तर स्क्रू गंजलेले असतात; त्यावर थोडं खोबरेल सोडून अर्धा तास थांबा, जोर लावून डोकं झिजवू नका. पांढऱ्या सिमेंटने बसवलेली असेल तर चपट्या स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने सिमेंट खरवडून जाळी उचला.

आत टॉर्च मारा. पाण्याचा पृष्ठभाग चकाकताना दिसला पाहिजे. काळा, कोरडा पाइप दिसला तर एक बादली पाणी हळूहळू ओता आणि अर्ध्या तासाने परत बघा. पाणी टिकलं तर ट्रॅप नुसता सुकला होता. उतरलं तर ट्रॅपला तडा आहे. आमच्यासारख्या जुन्या इमारतींत ट्रॅप बिडाचे असतात आणि गंजून तळाला भोक पडतं. तसं असेल तर खालच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा, तिथे ओलीचा गोल डाग तुमची वाट बघत असेल.

हँगरचं टोक आकड्यासारखं वाकवून केस ओढून काढा. घरात लांब केसांच्या दोन-तीन जणी असतील तर जे निघतं ते बघून कोणालाही जेवण जाणार नाही, म्हणून हे काम सकाळी चहाच्या आधी करा. पण लोक इथेच थांबतात आणि फसतात. केस काढले की पाणी नीट जातं, वास मात्र राहतो, कारण वास केसांचा नसून भिंतींना चिकटलेल्या करड्या थराचा असतो. साबण, अंगाचं तेल, मृत त्वचा आणि त्यावर वाढलेले जंतू. त्याला घासण्यावाचून इलाज नाही. टूथब्रशला भांड्यांचा साबण लावून ट्रॅपच्या भिंती, वाटीची आतली बाजू, जाळीची खालची बाजू घासा. जाळीची खालची बाजू कोणीच बघत नाही. ती एकदा उलटी करून हुंगा म्हणजे पटेल. मग कढत पाणी ओता, उकळतं नाही. पीव्हीसी पाइप 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि सांध्याशी एकदा आकार बिघडला की लादी फोडावी लागते.

शेवटी वाटी परत जागेवर. पाणी सावकाश जातं म्हणून ती काढू नका. महिन्यातून एकदा उचलून धुवा, मग पाणी अडणार नाही.

जाळी बसवण्याआधी तिच्या चौकटीभोवती बोट फिरवा. लादी आणि ट्रॅपच्या काठामध्ये फट असते, त्यातून रोज थोडं पाणी लाद्यांखालच्या भरावात उतरतं आणि तिथे सडत बसतं. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्याला प्लंबर 'संकन' म्हणतात. त्यावर विटांच्या तुकड्यांचा भराव. हा भराव भिजला की ट्रॅप कितीही लखलखीत केला तरी कुबट-आंबूस वास येत राहतो. नाण्याने लाद्या ठोका. जाळीभोवतीच्या लाद्या पोकळ वाजल्या तर हेच कारण धरा. फटीतलं जुनं सिमेंट पूर्ण खरवडा, एक दिवस मोरी वापरू नका, पूर्ण सुकू द्या, मग एपॉक्सी ग्राउट भरा. पांढरं सिमेंट स्वस्त पडतं, पण काही महिन्यांत त्याला केसासारख्या चिरा पडतात. इथे कंजूसपणा करू नये असं माझं मत आहे.

पाणी आहे, तरी वास येतो

काही घरांत ट्रॅप स्वच्छ, पाणी भरलेलं, वाटी जागेवर, आणि तरी दिवसातून एकदा वास येतोच. अशा घरात कान द्या. वरच्या मजल्यावर बादली रिकामी झाली की तुमच्या मोरीतून "गटक गटक" आवाज येतो का? उभ्या पाइपातून पाण्याचा मोठा लोंढा खाली जाताना मागे हवा ओढतो. ती हवा गच्चीवरच्या व्हेंट पाइपातून मिळायला हवी. तो बंद असेल तर लोंढा तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतो. पुढच्या वापरापर्यंत ट्रॅप अर्धा रिकामा, आणि तेवढ्या वेळात वास.

मग गच्चीवर जा. व्हेंट पाइपच्या तोंडावर जाळीची टोपी असायला हवी. टोपी नसली तर आत कबुतराचं घरटं, पानं, कधी मुलांचा चेंडू. पण आमच्या भागात खरा घोळ पत्र्याच्या शेडचा. गळती थांबवायला गच्चीवर शेड होते आणि शेडवाला पत्र्याला आडवा येणारा व्हेंट पाइप कापून पत्र्याखाली ठेवतो, किंवा वर सरळ टोपण ठोकतो. पत्र्याखाली उघडा सोडला तर वास वरच्या मजल्यांवर साठतो, टोपण ठोकलं तर खालच्या घरांत गटक गटक सुरू होतं. दोन्हींचा इलाज एकच: पाइप पत्र्याच्या वर काढा आणि टोपी बसवा. शेडचं काम चालू असताना कमिटीतल्या कोणीतरी वर उभं राहावं. काम झाल्यावर भांडून उपयोग नसतो.

एकाच रांगेतल्या खालपासून वरपर्यंतच्या घरांना एकाच वेळी वास येत असेल तर घरात काही उघडू नका, खाली जा. जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर दोन उभे पाइप दिसतात, एक संडासाचा, दुसरा मोऱ्यांच्या सांडपाण्याचा. सांडपाण्याचा पाइप जमिनीपाशी गली ट्रॅपमध्ये, म्हणजे तसंच पाणी धरून हवा अडवणाऱ्या बाहेरच्या ट्रॅपमध्ये, पडतो आणि तिथून चेंबरला. गली ट्रॅप फुटला किंवा कोणी दुरुस्तीच्या नावाखाली तो काढून पाइप सरळ चेंबरला जोडला, तर चेंबरची हवा सगळ्या मजल्यांच्या मोऱ्यांच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहते. मग ज्याचा ट्रॅप जरा कमजोर, त्याच्या घरी वास. हा खर्च सोसायटीचा. बाहेरची सामाईक ड्रेनेज लाइन सोसायटीने सांभाळायची आणि फ्लॅटच्या आतलं सभासदाने, असं गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधीही सांगतात, त्यामुळे सेक्रेटरींना अर्ज द्यायला संकोच नको.

डक्टकडे खिडकी असेल तर टॉर्च घेऊन बाहेरचे पाइप बघा. पीव्हीसी पाइपाच्या वळणावर सफाईसाठी झाकण असतं, त्याला डोअर बेंड किंवा डोअर टी म्हणतात. पाइप साफ करणारा माणूस ते उघडतो आणि बंद करताना रबर बसवायला विसरतो. वास खिडकीतून येतो आणि आपण मोरी घासत बसतो.

सुट्टीला जाताना

सुकलेला ट्रॅप हा सगळ्यात सोपा रोग. दुसरं बाथरूम कोणी वापरत नसेल तर आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी मोरीत, एक बेसिनमध्ये, आणि फ्लश एकदा. महिनाभर गावी किंवा मुलीकडे पुण्याला जाणार असाल तर निघताना ट्रॅप भरून घ्या आणि वर दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. औषधांच्या दुकानात मिळतं. तेलाचा पातळ थर पाणी उडू देत नाही. घरातलं गोडं तेल वापरू नका, ते खवट होतं आणि आल्यावर वेगळाच वास घरभर. त्यावर पाण्याची पिशवीही ठेवून जा, झुरळांचीही सोय बंद होते.

हल्ली सिलिकॉनच्या पडद्याचे एकमार्गी ट्रॅप मिळतात. पाणी आलं की पडदा उघडतो, गेलं की मिटतो. क्वचित वापरायच्या बाथरूमला ते चांगले. रोजच्या बाथरूमला माझं मत नाही. पडद्यात एक केस अडकला की तो मिटत नाही. घेतलाच तर आधी ट्रॅपच्या तोंडाचा आतला व्यास मोजून घ्या.

बेसिन आणि वॉशिंग मशीन

बेसिनखाली वाकून बघा. बहुतेक घरांत तिथे पन्हळीदार लवचिक पाइप असतो आणि तो लादीतल्या किंवा भिंतीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो. भोक मोठं, पाइप बारीक, भोवती बोटभर फट. त्या फटीला रबरी वॉशर किंवा ग्रोमेट मिळतो, तो बसवा. तात्पुरतं एम-सील चालतं, पण पुढे पाइप काढायची वेळ येते तेव्हा आपणच कपाळ बडवतो. बेसिनला बॉटल ट्रॅप असेल तर खालचा कप हाताने फिरवून निघतो. खाली टमरेल धरा. आतला काळा गाळ धुवा. परत लावताना रबर रिंग जागेवर आहे ना बघा.

बेसिनला तोंड धुताना वास येतो पण एरवी नाही, असं असेल तर तो ओव्हरफ्लोचा मार्ग. त्याला कधीच कोणी हात लावत नाही. बाटली धुवायचा बारीक ब्रश साबण लावून त्या भोकात घाला, मग टमरेलने कढत पाणी.

वॉशिंग मशीनचा पाइप मोरीच्या जाळीत कोंबलेला असेल तर दोन भानगडी. भोवतीची फट ही एक. दुसरी अशी की मशीन पंपाने पाणी जोरात सोडतं आणि त्या जोरात ट्रॅपमधलं पाणीही पुढे जातं. मशीनच्या पाइपासाठी खास भोक असलेली जाळी घ्या, पाइप खोल कोंबू नका, आणि धुणं झाल्यावर एक तांब्या पाणी मोरीत टाकायची सवय लावा.

कमोड

कमोडवर बसून जरा डावी-उजवीकडे वजन द्या. हलला तर तळाचा सांधा सुटलाय. खात्री करायला नीळ वापरा. टाकीत नव्हे, भांड्यात चमचाभर नीळ घाला, अर्धा तास ठेवा, मग फ्लश करा, आणि तळाशी पांढरा टिश्यू दाबून बघा. असं दोन-तीनदा. टिश्यू निळा झाला, किंवा खालच्यांच्या छताला निळा डाग उतरला, तर कमोड उचलून तो पाइपाला जोडणाऱ्या कनेक्टरचं रबर बदलावं लागेल. भोवतीने पांढरं सिमेंट थापणारा प्लंबर आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. गळती आत चालूच राहते, फक्त दिसेनाशी होते.

काय ओतू नये

दारावर बाटलीत विकायला येणारं अ‍ॅसिड मोरीत ओतू नका. ते सिमेंटचे सांधे खातं, आणि आज वास गेला तरी उद्या लादीखाली पाणी जायला वाट होते. अ‍ॅसिड किंवा अ‍ॅसिडचं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हा जिवाशी खेळ आहे. एक ओतून अर्ध्या तासाने दुसरं, तेही नाही. तुंबलेल्या मोरीत टाकायच्या पुड्यांत कॉस्टिक सोडा असतो. त्यावर अ‍ॅसिड पडलं की पाणी उसळून तोंडावर येतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसतो छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं खारट पाणी. तेवढ्या वेळात ब्रशने घासणं परवडतं. इमारतीला सेप्टिक टँक असेल तर फिनेलचा मारा टँकमधले कामाचे जंतूही मारतो आणि वास उलट वाढतो.

चेंबर

खालचं चेंबर भरलं असेल तर झाकण उघडून लांबून बघा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा, लहान मुलांना लांब ठेवा. आत कोणीही उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त साठला की नाक बधिर होतं, वास येत नाही म्हणजे वायू नाही असं समजून माणूस उतरतो आणि काही श्वासांत कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसराही तसाच. 2013च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, आणि 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 30 लाख रुपये केली. "आमचा माणूस पटकन उतरून काढतो" असं ठेकेदार म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा आणि सक्शनची गाडी बोलवा. कमिटीच्या सभेत हा ठराव एकदा लिहूनच ठेवा.

ट्रॅप बदलायची वेळ आलीच तर

बाथरूम नव्याने करताना नवा ट्रॅप घ्याल तेव्हा दुकानात तो हातात धरून आत पाणी ओता आणि कड किती बुडते ते मोजा. पन्नास मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दुसरा मागा. मल्टी फ्लोअर ट्रॅप बसवत असाल तर त्याला बाजूने दोन-तीन तोंडं असतात. जे वापरणार नाही ते टोपण लावून, पाइप चिकटवायच्या सोल्युशनने पक्कं बंद करून घ्या, नुसतं बसवून नको. आत हात जाईल एवढं मोठं तोंड आणि सहज उचलता येणारी जाळी मागा. सुंदर दिसणारी, लादीत लपणारी जाळी घेतली आणि ती उचलायलाच येत नसली तर ट्रॅप कोणी साफ करणार नाही. लाद्या बसण्याआधी जाळीचं तोंड फुग्याने किंवा फडक्याने बंद करून वॉटरप्रूफिंगवर चार बोटं पाणी भरा, भिंतीवर खडूने रेघ मारा, आणि खालच्या घरच्यांना छतावर लक्ष ठेवायला सांगा. चोवीस तासांनी पाणी रेघेवर असेल तरच गवंड्याला लाद्या लावू द्या.